सासूबाईंना खुर्चीतून उठवत नाही: या वयात वजनं उचलायला द्यावीत का?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंच्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, वजन ४६ किलो. हिवाळ्यात न्यूमोनियामुळे ९ दिवस दवाखान्यात होत्या. घरी आल्यापासून हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही, दिवस झोपाळ्यावर जातो आणि माडीवरच्या देवघरात जाणं बंद पडलंय. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी ‘हलका व्यायाम करा’ म्हणून सांगितलं. मुलाने अर्ध्या किलोची डंबेल्स आणून दिली. शेजारी म्हणतात की या वयात वजनं नकोतच, कमाटी बागेत दोन फेऱ्या मारल्या की पुरे. आता करायचं काय?

ताई, सासूबाई आजही वजन उचलतातच. ४६ किलोची बाई खुर्चीतून उभी राहते तेव्हा गुडघ्याखालचा भाग सोडला तर उरलेलं सगळं शरीर, म्हणजे सुमारे ४० किलो, तिचे पाय वर ढकलत असतात. संडासला जाताना, जेवून उठताना, रात्री पलंगावरून उतरताना, दिवसातून कितीतरी वेळा. हे ४० किलो त्यांच्या पायांना आता झेपेनासे झालेत आणि म्हणून हात मदतीला येतात. अशा वेळी अर्ध्या किलोचं डंबेल हातात देऊन ते वीस वेळा वरखाली करायला लावलं तर दंडाला थोडं काम मिळेल, पण जिथे ताकद कमी पडते तिथे काहीच पोचणार नाही. आपल्याला मांड्या, कुल्हे आणि पोटऱ्या यांच्यावर काम करायचं आहे, आणि तेही त्यांना कष्टाचं वाटेल इतकं.

हे घडलं कसं, तेही समजून घ्या. निरोगी ज्येष्ठांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवल्यावर पायांचं जवळपास एक किलो मांस घटल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तुमच्या सासूबाईंना त्या ९ दिवसांत वर ताप, संसर्ग आणि तुटलेलं खाणंही होतं. आजार बरा झाला की गेलेलं मांस आपोआप भरून येईल असं घरच्यांना वाटतं. तरुणांत बऱ्याच अंशी येतं. ऐंशीच्या घरात भार दिल्याशिवाय ते फारसं येत नाही.

आता ‘या वयात नको’ याबद्दल. जुम्मादादा व्यायाम मंदिर ही व्यायामशाळा आणि तिचे व्यायामगुरू प्रो. माणिकराव यांचं नाव बडोद्यातल्या मराठी घरांना सांगावं लागत नाही, तरीही ताकदीचा व्यायाम तरुण पोरांचा हा समज इथेही घट्ट आहे. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ साली त्यांनीच सरासरी ८७ वर्षांच्या १०० जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यात ताकद दुपटीहून जास्त झाली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्तीही वाढली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पोषक पेय दिलं होतं त्यांना ताकदीत काही फायदा झाला नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: या प्रयोगांतला भार हलका नव्हता. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या सुमारे ८० टक्के होता. तिथे शेजारी प्रशिक्षित माणूस उभा असायचा, म्हणून घरी पहिल्याच दिवशी तशी नक्कल करू नका. पण जायचं त्याच दिशेने आहे.

कमाटी बागेतल्या फेऱ्या सोडायला मी सांगत नाही. दम, भूक, झोप, चार माणसांची गाठ, सगळ्यासाठी त्या चांगल्याच. पण चालताना प्रत्येक पावलावर भार तोच असतो आणि तो थोडा असतो, म्हणून चालण्याने ताकद फारशी वाढत नाही. घरी राहणाऱ्या साठीपुढच्या लोकांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ साली आला. त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, आणि तो फायदा मुख्यतः तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे म्हणता आलं नाही. पाय इतके अशक्त असताना आधी उठबस आणि मग फेऱ्या, असा क्रम ठेवा.

सुरू करण्याआधी काही गोष्टी डॉक्टरांना विचारायलाच हव्यात, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. छातीत दुखणं, चालताना चक्कर येऊन पडणं, हृदयाच्या झडपेचा आजार, गेल्या तीन महिन्यांतलं हाड मोडणं, हर्निया, नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर परवानगीशिवाय सुरू करू नका. मणक्याची हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर व्यायाम बंद करायचा नसतो, पण वजन घेऊन पुढे वाकणं आणि कमरेतून पिळणं टाळायचं. वर्षभरात काही न करता वजन ४-५ किलोंनी उतरलं असेल तर त्याचं कारण शोधणं आधी. थायरॉइड, साखर, दातांची अडचण, मनाची उदासी, यातलं काहीही असू शकतं. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. शाकाहारी घरात आणि त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे, आणि ते कमी असताना पाय डळमळतात ते फक्त स्नायूंमुळे नसतं.

घरी एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. सासूबाईंना पाच मिनिटं आडवं झोपू द्या आणि रक्तदाब मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना ते आकडे दाखवा, गोळ्यांची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते. असं असताना उठबशीचा व्यायाम करवला आणि चक्कर आली तर दोष व्यायामावर येतो आणि तो कायमचा बंद होतो.

आता मुख्य व्यायाम: खुर्चीतून उठणं आणि बसणं. इथे वजन कमीजास्त करण्याचं साधन म्हणजे खुर्चीची उंची. बैठक जितकी खाली तितका गुडघा जास्त वाकतो आणि मांडीला जास्त जोर लावावा लागतो. बैठक उंच केली की तेच शरीर कमी कष्टात उठतं. म्हणून ‘हात न लावता उठता येत नाही’ हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या उंचीवरून येत नाही?

लाकडी किंवा लोखंडी, चार पक्क्या पायांची, हात असलेली खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते आणि चाकांची तर नकोच. झोपाळाही नको. उठताना माणूस पुढे जोर लावतो आणि झोपाळा मागे जातो, बसताना तो जागेवर नसतो. सासूबाईंना हिंचक्याची सवय आहे हे खरं, पण पाय बळकट होईपर्यंत त्यावर बसताना-उठताना कुणीतरी कड्या धरून ठेवा.

खुर्चीच्या बैठकीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असते. तिच्यावर जाड चादरी घट्ट घड्या करून ठेवा आणि जुन्या ओढणीने खुर्चीला बांधून टाका, म्हणजे घसरणार नाहीत. कापसाची उशी किंवा मऊ फोम वापरू नका. तो बसल्यावर दबतो आणि उंची पुन्हा तेवढीच राहते. एकेक घडी वाढवत जा, जोपर्यंत सासूबाई हात छातीशी धरून, ओळीने आठ वेळा उठू शकतात. शेवटच्या दोन वेळा त्यांना जोर लावावा लागला पाहिजे. ही त्यांची सुरुवातीची उंची. कधीकधी ती ५५ सेंटिमीटर निघते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पट्टीने मोजून वहीत लिहा.

उठण्याची रीत त्यांना नीट शिकवा, कारण निम्मी अडचण तिथे असते. आधी बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, चार बोटं, आणि एकमेकांपासून वीतभर लांब. मग कमरेतून पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. अशक्त माणूस पुढे पडण्याच्या भीतीने पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला बघतो आणि तेच जमत नाही, वजन मागेच राहतं. झुकलं की टाचा दाबून उभं राहायचं, गुडघे आत येऊ द्यायचे नाहीत. पूर्ण सरळ उभं राहून एक श्वास घ्यायचा. बसताना मनात चार मोजत हळूहळू खाली यायचं, धपकन बसायचं नाही. सगळ्यात जास्त ताकद मला विचाराल तर या उतरण्यात मिळते, आणि घाईत सगळे तेच गाळतात.

उठताना आकडा मोठ्याने म्हणायला लावा. बोलणारा माणूस श्वास रोखून धरू शकत नाही, आणि रक्तदाब असलेल्यांनी जोर लावताना श्वास रोखणं चांगलं नाही, तेवढ्यापुरता दाब खूप चढतो. तुम्ही समोर उभ्या राहून हात ओढू नका. खांदा दुखावतो आणि त्यांचे पाय कामच करत नाहीत. बाजूला, किंचित मागे उभ्या राहा, हवं तर त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. गाऊन किंवा साडी घोट्याच्या वर असू दे, पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, आणि खालचं पायपुसणं आधी उचला.

मात्रा अशी. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, कारण स्नायूची भरपाई विश्रांतीत होते. पहिले दोन आठवडे आठ-आठ उठबशांच्या दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं बसून आराम. तिसऱ्या आठवड्यापासून तीन फेऱ्या. कष्ट किती, हे ० ते १० मध्ये त्यांनाच विचारा. ० म्हणजे बसून राहणं, १० म्हणजे आता एकही नाही. सुरुवातीला उत्तर ४-५ यावं, महिन्याभराने ६-७. रोज ‘दोन’ असं उत्तर येत असेल तर तो व्यायाम आता त्यांना पुरत नाही. नाडीवर विसंबू नका, कारण रक्तदाबाच्या गोळीत मेटोप्रोलॉलसारखं औषध असेल तर ती फारशी चढत नाही. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी तिन्ही फेऱ्यांत १२ वेळा जमलं की एक घडी काढा. सहाच्या पुढे जाता येत नसेल तर एक घडी वाढवा. उंची ४५ वर आली आणि तिथेही १२ जमले की हातात अर्धा-अर्धा लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या छातीशी धरून उठायला लावा. त्या मिळून एक किलो होतात. मुलाने आणलेली डंबेल्स तेव्हा कामाला येतील.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पुरे आहेत, जास्त भरवू नका. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हात टेकून टाचा उचलणं, वर दोन मोजेपर्यंत थांबणं, ८ ते १२ वेळा. ओट्याशीच उभं राहून एक पाय बाजूला नेणं, अंग न झुकवता. हे सोपं झालं की घोट्याला अर्धा किलोचं वजन बांधा. दुकानातलं घेतलं तर उत्तम, नाहीतर जाड कापडाच्या लांबट पिशवीत अर्धा किलो तांदूळ भरून, शिवून, नाडीने बांधा. तिसरं, भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला लावून कोपर वाकवणं आणि परत ढकलणं. पलंगावरून उठताना हाताचा हाच जोर लागतो. रबरी पट्टा ओढण्याचा व्यायाम पाठीसाठी चांगला आहे, पण तो दाराच्या मुठीला अडकवू नका, निसटून तोंडावर बसतो. आणि वापरण्याआधी प्रत्येक वेळी पट्ट्याला चीर आहे का बघा.

तोलाचा व्यायाम मात्र रोज करता येतो. ओट्याला बोटं टेकवून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून दहा सेकंद उभं राहायचं, मग पाय बदलायचा. दिवसातून दोनतीनदा, चहा उकळेपर्यंत.

आतापर्यंतचं एका ओळीत: उंची मोजा, आठ जमतील तिथून सुरू करा, शेवटचे दोन जड वाटू द्या, बारा जमले की उंची उतरवा.

वेळ कोणती? न्याहारीनंतर एक-दीड तासाने. उपाशीपोटी नको. मधुमेहाच्या गोळीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन असेल तर आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, व्यायाम त्या दिवशी नाही. ७० ते १०० असेल तर आधी काही खायला द्या. एकादशी-चतुर्थीचा उपास त्या सोडणार नसतील तर व्यायामाचे वार त्याप्रमाणे हलवा, भांडू नका. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा न्याहारी लवकर देऊन सकाळी आठच्या आत उरका आणि आधी पेलाभर पाणी द्या, विशेषतः लघवीची गोळी चालू असेल तर.

छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, बोलता येणार नाही इतका दम, एका बाजूची अशक्तता, यांतलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. बसून असताना रक्तदाब १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी सुरूच करू नका. दुखण्याबद्दल घरोघरी घोळ होतो, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी मांड्या जड होणं, दाबल्यावर दुखणं, दोन दिवसांत जाणं, हे ठीक आहे. सांध्यात चमक, सूज, किंवा दुसऱ्या सकाळीही कमी न होणारं गुडघ्याचं दुखणं म्हणजे भार जास्त झाला किंवा बैठक फार खाली गेली. तेव्हा व्यायाम सोडू नका, एक-दोन घड्या वाढवा. गुडघे झिजलेत म्हणून उठबस बंद केली तर मांडी आणखी बारीक होते आणि गुडघ्यावर आणखी भार येतो.

खाण्याचा भाग वेगळा धरू नका. भार दिला आणि बांधायला माल नसला तर अर्धंच काम होतं. आजारातून उठलेल्या ज्येष्ठांना किलोमागे रोज १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, म्हणजे तुमच्या सासूबाईंना ५५ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आपल्याकडची अडचण पातळ वरणात आहे. वाटीभर पातळ वरणात जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते, तिच्यातून तीन-साडेतीन ग्रॅम मिळतात, आणि घरच्यांना वाटतं डाळ रोज पोटात जातेय. हिशेब असा बसवता येतो: ४०० मिली दूध १३ ग्रॅम, दिवसभरात ५० ग्रॅम कच्ची डाळ घट्ट वरण, धिरडी किंवा मुगाच्या खिचडीतून १२, ५० ग्रॅम पनीर ९, वाटीभर दही ५, तीन पोळ्या ९, थोडा भात ३, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट ५. झाले ५६. हे एकदम रात्री नको, तिन्ही जेवणांत वाटा. दात नसतील तर पनीर कुस्करून, कूट दह्यात कालवून. अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम आहेतच.

पहिल्या सहा आठवड्यांत पाय जाड झालेले दिसणार नाहीत, पण उठणं सोपं होईल. सुरुवातीची वाढ मज्जातंतूंकडून येते: मेंदू आहेत तेच स्नायू जास्त एकत्र कामाला लावू लागतो. मांस त्यानंतर. ‘काही फरक नाही’ म्हणून चौथ्या आठवड्यात सोडणारे पुष्कळ असतात, म्हणून आकडा ठेवा. दर दोन आठवड्यांनी त्याच खुर्चीतून, त्याच उंचीवरून पाच वेळा उठायला लागलेले सेकंद घड्याळावर मोजा. ४५ सेंटिमीटरवरून हात न लावता १२ सेकंदांच्या आत पाच उठबशा होणं हे लांबचं ध्येय. २५ वरून १९ वर येणंही त्यांना दाखवा, कारण त्यांना ते स्वतःहून जाणवणार नाही.

सहा आठवडे नीट झाले की एकच बदल करा: उठताना झटकन, बसताना पूर्वीसारखंच सावकाश. वयाबरोबर ताकदीपेक्षा चपळाई आधी जाते, आणि ठेच लागल्यावर पाय पुढे टाकून सावरायला चपळाईच लागते. त्यानंतर जिना. सर्वांत खालची एकच पायरी, कठडा धरून, एका पायाने चढायचं आणि त्याच पायावर भार ठेवून सावकाश उतरायचं, आठ वेळा, मग दुसरा पाय. मध्ये लग्नकार्य आलं किंवा सर्दीतापाने दोन आठवडे मोडले तर एक घडी वाढवून परत सुरू करा, जिथे सोडलं तिथून नको.

त्यांना ‘व्यायाम करा’ म्हणू नका. देवघरात स्वतःच्या पायाने जायचंय का, एवढं विचारा आणि माडीच्या पायऱ्या त्यांच्याकडूनच मोजून घ्या. उदास बसलेल्या माणसाचं मनही ताकदीच्या व्यायामाने हलकं होतं असं अभ्यासांतही दिसलंय, पण त्यासाठी सुरुवात त्यांच्या इच्छेची असावी लागते.

ताई, तीन गोष्टी कळवा: कुठल्या उंचीवरून त्यांना आठ वेळा उठता आलं, झोपून आणि उभं राहून मोजलेल्या रक्तदाबाचे आकडे, आणि गोळ्यांची नावं. पहिल्या महिन्यात भार किती ठेवायचा ते त्यावरून नेमकं सांगता येईल.